जीनपुऱ्याचे विरजण

वऱ्हाडात बेलापेठ नावाचे कापसाच्या बाजाराचे गाव होते. गावाच्या उगवतीला ओढा होता आणि ओढ्याच्या काठाने, बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीला पाठ लावून एक दाटीवाटीची वस्ती बसली होती. तिला जीनपुरा म्हणत. उंबरठे महाराजांचा वास या जीनपुऱ्यात होता, आणि भाविकहो, आजची कथा त्या वस्तीतल्या एका वाटीची आहे.

महाराज मूळचे कुठले हे कुणालाच ठाऊक नाही. ते आले तेव्हा अंगावर एक वाकळ होती, हातात काही नव्हते. गावात दत्ताचे मोठे देऊळ होते, देवळामागे धर्मशाळा होती आणि धर्मशाळेत खाटाही होत्या. महाराजांनी तिकडे पाहिलेसुद्धा नाही. ते सरळ जीनपुऱ्यात शिरले आणि कारखान्याच्या गंजलेल्या फाटकापाशी बसले.

त्या वेळची जीनपुऱ्याची दशा काय सांगावी! कारखाना चालू होता तोवर त्याचा भोंगा साऱ्या वस्तीला एकदम उठवी आणि एकदम घरी पाठवी. माणसे दहा गावांहून पोटामागे आलेली, पण भोंगा सगळ्यांचा एक होता. तो बंद पडला आणि कुणाचा कुणाला धरबंध उरला नाही. पुरुष दिवसाढवळ्या दारू पिऊन पडत, बायका नळावर एकमेकींच्या झिंज्या धरत. एवढ्याशा भिंतीपलीकडचे घर जेवले की उपाशी निजले, याची कुणालाही पडलेली नव्हती.

महाराजांची भिक्षा मागायची रीत जगावेगळी होती. ते कुणाच्या घरात जात नसत, उंबरठ्यावर बसत. नावही त्यावरूनच पडले. बसले की विचारत, "माय, तुझ्या शेजारणीचं नाव काय?" बाई बावचळली की महाराज म्हणत, "मग भाकर झाकून ठेव. नाव विचारून ये, तोवर मी बसतो." आणि भाकर या घरची घेतली तर मीठ शेजारच्या घरचेच हवे. नुसत्या एका घरचे अन्न महाराजांनी तोंडात घातले नाही. सुरुवातीला लोक हसले, मग वैतागले. पण साधू दारात उपाशी बसला आहे म्हटल्यावर करतात काय? मिठासाठी का होईना, दारे वाजू लागली.

या वस्तीत पुंजाबाई राहत असे. नवरा कारखान्यात हमाली करता करता खचून वारला, लेकरू नव्हते. दारात एक गाय, चार घरची भांडी घासायचे काम आणि फडताळात दह्याची एक वाटी, एवढा तिचा संसार. रोज दुपारी ती त्या वाटीतले चमचाभर दही राखून ठेवी आणि रात्री त्याचेच विरजण लावी. लग्न होऊन बेलापेठेत आली त्या वर्षापासून तिने ते विरजण मोडू दिले नव्हते.

एकदा महाराज तिच्या उंबरठ्यावर बसले असता त्यांची नजर त्या वाटीवर गेली. महाराज म्हणाले, "पुंजाबाई, एवढी मोठी दौलत आणि एकट्या घरात कोंडून ठेवलीस?"

"दौलत कायची महाराज? विरजण हाये थे," पुंजाबाई हसून म्हणाली.

"घरोघरी दे," महाराज म्हणाले. "दिल्यानं कमी होत नाही अशी एवढी एकच वस्तू तुझ्या घरात आहे."

पुंजाबाईने महाराजांचा शब्द खाली पडू दिला नाही. चहापुरते दूध आणणाऱ्या घरांनाही तिने सांगितले की दोन घोट बाजूला काढा, मी विरजण देते. भिंतीपलीकडच्या हलिमाबीला दिले, तिच्या पलीकडच्या रुखमाला दिले. एकीचे आंबट झाले की ती दुसरीकडे वाटी घेऊन जाई. उन्हाळ्यात एकीचे मोडले तर तिसरीकडचे कामी येई. वाटी घेऊन गेलेली बाई लगेच थोडीच परत फिरते? ती टेकते, बोलते, घरातले तापलेले पोर तिच्या नजरेला पडते. हलिमाबीच्या नवऱ्याला दवाखान्यात रुखमाच्या नवऱ्याने नेले, तेही दारूला न शिवता. गल्लीच्या तोंडाशी दारूचा गुत्ता होता. बायका एका सकाळी वाट्या ठेवून तिथे जाऊन बसल्या, त्या गुत्ता उठेपर्यंत उठल्या नाहीत. हे सगळे महाराज फाटकापाशी बसून पाहत आणि मिशीतल्या मिशीत हसत.

मार्गशीर्ष आला. बेलापेठेत दत्तजयंतीचा मोठा उत्सव असे. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काला होई आणि पंचक्रोशीतली माणसे लाह्या-दह्याच्या त्या प्रसादाला लोटत. महाराजांनी जीनपुऱ्याला सांगितले, "यंदा काल्यात तुमच्या वस्तीचं दही पडू द्या. प्रत्येक घरची एक वाटी." वस्तीच्या आनंदाला उधाण आले! देवळाच्या पायऱ्यांपलीकडे ज्यांना कधी कुणी बोलावले नव्हते त्यांच्या घरचे दही देवाच्या काल्यात! जयंतीच्या सकाळी दारादारातून वाट्या आल्या आणि पुंजाबाईच्या कळशीत रिकाम्या झाल्या. हलिमाबीने आपली वाटी आणताना दारातच विचारले, "आमची चालेल ना?" महाराज म्हणाले, "तुझीच आधी ओत." डोक्यावर कळशी घेऊन पुंजाबाई निघाली तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हते.

काल्याचे दही दर वर्षी मुकुंदशेठच्या दुग्धालयातून येई. दुकान देवळाच्या मागेच, शेठच्या राहत्या घरात होते, आणि शेठ स्वतः उत्सवाचे अध्यक्ष. त्यांच्या दह्याची कीर्ती अशी की गावातल्या बायकांनी घरी दही लावणेच सोडून दिले होते. जो तो पातेले घेऊन शेठच्या दुकानी. माणूस वाईट नव्हता, पण मोठेपणाने डोळ्यांवर झापड आलेली. उंबरठे महाराजांचे नाव निघाले की शेठ म्हणत, "भाकरीसाठी एका दारी, मिठासाठी दुसऱ्या दारी फिरतो, आणि ऐट काय, तर म्हणे वस्ती सुधारतो!"

पुंजाबाई दुग्धालयाच्या मागच्या दाराशी उभी राहिली. "शेठजी, आमच्या वस्तीनं दही आनलं हाये. काल्यात घाला जी."

शेठनी तिला खालून वर न्याहाळले. "कुठली वस्ती? जीनपुरा? अहो गंगाराम, ऐकलंत का, ओढ्याच्या घाणीतलं दही आता दत्ताला! उद्या त्या बाबालाच गाभाऱ्यात बसवा म्हणतील!"

गंगाराम आचाऱ्याने मान खाली घातली. बाकीचे गडी मात्र खो-खो हसले. पुंजाबाईचे डोके भणभणले. कळशी डोक्यावरून उतरवताना तिचा तोल गेला आणि तिने आधाराला हात टेकला, तो नेमका कोपऱ्यातल्या मोठ्या माठाच्या झाकणावर. त्या माठात विरजणाचे दही राखलेले असे.

"शिवली!" शेठ कडाडले. "सोवळ्याच्या माठाला शिवली! ओता ते सगळं मोरीत. दुकानातला दह्याचा थेंब न् थेंब ओता आणि भांडी उकळत्या पाण्यानं धुवून काढा."

"शेठ, विरजणापुरतं तरी..." गंगाराम चाचरत म्हणाला.

"दह्याला काय तोटा आहे का गावात? ओता म्हटलं ना!"

माठ आडवा झाला. पांढरेशुभ्र दही मोरीतून वाहू लागले आणि पुंजाबाईच्या काळजात चर्र झाले. ते दही कुणाचे होते हे त्या दुकानात फक्त तिला ठाऊक होते.

ती नवी नवरी होऊन गावात आली, तेव्हा एका संध्याकाळी याच घरापाशी येऊन रडवेली उभी राहिली होती. सासूने विरजण मागून आणायला धाडले होते आणि वाटेत दिवे लागले. दिवेलागणीनंतर विरजण कुणी देत नाही, घरची लक्ष्मी जाते म्हणतात. शेठच्या आईने, दुर्गाकाकूंनी, तिला हाताला धरून आत घेतले. "दिवा कशाला लावतात ग? आलेल्याला दार दिसावं म्हणूनच ना?" असे म्हणत त्यांनी याच माठातले दही तिच्या वाटीत घातले, आणि बजावले, "कुणाला सांगू नकोस बरं, घरचे मला बोलतील." पुंजाबाईने शब्द दिला होता. काकू वारल्या, तरी तो शब्द तिच्यापाशी जिवंत होता. आता त्यांचाच मुलगा त्यांनी जपलेले विरजण मोरीत ओतत होता आणि तिला 'थांबा' म्हणायचीही सोय नव्हती! ती कळशी उचलून निघाली. वाटभर तिला समोरचे धड दिसत नव्हते.

वस्तीत बातमी तिच्या आधी पोचली होती. जिथे सकाळी गलका होता तिथे आता धुसफूस सुरू झाली. रुखमाच्या नवऱ्याने कळशी ओढून घेतली आणि सगळे दही ओढ्यात उपडे केले. "तुह्या न् त्या महाराजाच्या नादानं गेलो आमी! काऊन नेलं थे दही तिकडं? आमची पायरी आमाले ठाऊक होती." दारे एकामागून एक लागली. संध्याकाळी कुणीतरी दारू पिऊन आले आणि नळावर पहिल्यासारखे भांडण पेटले.

पुंजाबाई फाटकापाशी जाऊन महाराजांसमोर बसली. "मोडलं महाराज. सगळं मोडलं. आता कोनाच्या दारी जाऊ मी?"

महाराजांनी शांतपणे विचारले, "तुझी दह्याची वाटी घासलीस का आज?"

"नाई जी. घासली तर उद्याले विरजण कायचं लावू?"

"रुखमानं घासली असेल?"

पुंजाबाईने डोळे पुसले. "थे कशी घासन? रागात असली तरी बाईमानूस हाये. चमचाभर तं ठेवतेच."

"मग मोडलं काय?" महाराज म्हणाले आणि पुन्हा जप करू लागले.

इकडे देवळात दत्तजन्माची तयारी चालली होती आणि दुग्धालयात शेठच्या तोंडचे पाणी पळाले होते. दुपारी पंचक्रोशीतले दूध आले, तापले, कढयांत ओतले गेले. लावायला विरजण नाही! शेठनी गडी गावभर पिटाळले. पण गावात दही होते कुणाकडे? सगळे शेठकडूनच घेत, आणि जयंतीचा उपवास असल्याने होते नव्हते ते सकाळीच संपले होते. एका-दोघींच्या पातेल्यात तळाशी चिकटलेले होते, पण तोवर दिवे लागले. "दिवेलागण झाली, आता विरजण मागू नका," असे म्हणून त्यांनी दारे ओढून घेतली. एका गड्याने लिंबू पिळून पाहिले तर कढईभर दूध नासून चोथापाणी झाले. काल्याचे दही आपल्याच घरचे जावे, हे दुर्गाकाकूंचे व्रत होते. मरताना त्यांनी मुलाकडून एवढेच वचन घेतले होते. उद्या हजारो पानांवर नुसत्या लाह्या पडणार होत्या.

शेवटी गंगारामच म्हणाला, "शेठ, आता एकच ठिकाण आहे. आणि तिथं गड्याला पाठवून भागायचं नाही."

जीनपुऱ्याच्या तोंडाशी मुकुंदशेठ उभे राहिले तेव्हा कारखान्याच्या भिंतीवर अंधार उतरत होता. जन्मात पहिल्यांदा ते या गल्लीत आले होते. कुठे पाय ठेवावा हेही त्यांना समजेना. दारे किलकिली झाली.

"पुंजाबाई," शेठ म्हणाले, "थोडं विरजण हवं होतं."

खोटे कशाला सांगायचे? क्षणभर पुंजाबाईला बरे वाटले. सकाळचे ते हसणे तिच्या कानांत अजून वाजत होते. तिच्या मागून रुखमाच तोऱ्यात बोलली, "दिवे लागले शेठ! दिवेलागणीनंतर विरजण देत नसतात. तुमाले येवढं सोवळं कळते, हे नाई कळत?" चार दारांआडून हसू फुटले. शेठ मागे वळले.

तेवढ्यात फाटकापाशी बसलेले महाराज बोलले. आवाज चढवून नाही, सहज. "पुंजाबाई, दिवा कशाला लावतात ग? आलेल्याला दार दिसावं म्हणूनच ना?"

पुंजाबाईच्या अंगावर सरसरून काटा आला. तेच शब्द! तोच हेल! दुर्गाकाकूंखेरीज ते तिला कुणी म्हटले नव्हते आणि तिने ते कुणाला सांगितले नव्हते. ती धावत घरात गेली आणि फडताळातली वाटी घेऊन आली. "घ्या शेठजी."

"थांब," महाराज म्हणाले. "शेठ, माझी रीत तुम्हाला ठाऊक असेलच, तुम्ही ती चारचौघांत सांगता. एका घरचं मी घेत नाही. तुम्हीही घेऊ नका. शेजारच्या दारी जा."

शेठनी पुंजाबाईकडे पाहिले. "शेजारणीचं... नाव काय?"

"हलिमाबी."

गाव ज्यांना वाकून रामराम करी ते मुकुंदशेठ हातात वाटी घेऊन भिंतीपलीकडच्या दाराशी गेले. त्यांनी वाटी पुढे केली. "हलिमाबी, थोडं विरजण घालता का?" हलिमाबीने पदर सावरला आणि आपल्या वाटीच्या तळचे चमचाभर दही त्यात घातले. मग तिनेच पुढच्या दारातल्या बाईचे नाव सांगितले. दार दाराला जोडत शेठ गल्लीभर फिरले. पुंजाबाईचे म्हणणे खरे ठरले. रागाने धुमसत होत्या, पण एकीनेही वाटी घासली नव्हती. रुखमाने आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग चमचा घातला आणि म्हणाली, "चला, मीबी येतो. तुमाले थे लावता तरी येते का पाह्यतो." पाहता पाहता सगळी वस्ती शेठच्या मागे निघाली. सोबत महाराजही निघाले.

दुग्धालयात पोचल्यावर गंगारामने दुधात बोट घातले आणि मान हलवली. "गार पडलं शेठ. लाकडंही संपली. या थंडीत गार दुधाला विरजण लागत नाही. आणि एवढ्या कढयांना ही एक वाटी?"

महाराजांनी अंगावरची वाकळ काढली आणि पहिल्या कढईवर पांघरली. ते उघड्या अंगाने त्या थंडीत उभे राहिले. कुणी काही सांगितले नाही, पण बायका परत फिरल्या आणि आपापल्या घरच्या वाकळा, गोधड्या, पोरांच्या अंगावरच्या दुलया घेऊन आल्या. शेठनी वाटी धरली, पुंजाबाई चमच्याने विरजण घालू लागली. दत्तनामाचा गजर सुरू झाला. एक कढई झाली, दुसरी झाली. पुंजाबाई नामाच्या नादात होती, तिचे वाटीकडे लक्ष नव्हते. शेवटच्या कढईपाशी शेठनी वाटी तिच्यापुढे केली तेव्हा तिने पाहिले. वाटी गल्लीतून निघताना जशी भरलेली होती तशीच भरलेली होती! दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मग पुंजाबाईने शेवटच्या कढईत विरजण घातले.

पहाटे काकडआरतीची घंटा वाजली तेव्हा महाराजांनी वाकळ दूर केली. पुंजाबाईने कढईला हात लावला तर ती उबदार होती. दही असे घट्ट लागले होते की वर ठेवलेले तुळशीचे पान जागचे हलले नाही. साऱ्या कढया तशाच! जमलेल्या माणसांनी दत्तगुरूंचा जयजयकार केला. गंगाराम रडत होता, कशासाठी ते त्याचे त्यालाही सांगता आले नसते.

काला झाला. देवाला नैवेद्य दाखवून पहिला घास अध्यक्षांना दिला गेला. शेठनी तो तोंडात घातला आणि ते जागच्या जागी थबकले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "हे... हे तर आईचं दही."

"आईचंच आहे," महाराज म्हणाले. "दुर्गाबाईंनी एका दिवेलागणीला एका रडणाऱ्या पोरीच्या वाटीत घातलं होतं. तुम्ही काल मोरीत ओतलंत ते आणि हे, एकाच माठातलं. त्या पोरीनं तुमच्या आईला शब्द दिला होता म्हणून ती तुमच्यापुढे गप्प राहिली. तिनं ते सांभाळलं, वस्तीनं वाढवलं. तुमच्या घरचं व्रत मोडू नये म्हणून ते इतकी वर्षं ओढ्याकाठी फिरत होतं."

पुंजाबाईला रडू आवरेना. तिने शब्द मोडला नव्हता, आणि तरी गोष्ट सांगून झाली होती! मुकुंदशेठनी धाय मोकलून रडत महाराजांचे पाय धरायला वाकावे तर महाराज मागे सरले. "मी कुठे काय दिलं? ज्या दारी मिळालं तिथं जा."

त्या दिवशी काल्याची पंगत देवळात बसली नाही. शेठनी कढया उचलायला लावल्या आणि पंगत जीनपुऱ्याच्या गल्लीत बसली. शेठ स्वतः वाढत होते आणि प्रत्येक पानापाशी शेजारच्या पानावरच्या माणसाचे नाव विचारत होते. नाव सांगताना एकही जण अडला नाही.

माठात पुन्हा लावायचे विरजण शेठना पुंजाबाईच्याच दारी मागायचे होते. त्या संध्याकाळी पुंजाबाई दिवा लावून वळली तर दारात मुकुंदशेठ, हातात रिकामी वाटी. त्यांनी ती बाजूला ठेवली, टोपी काढली, आणि जिथे महाराज रोज बसत त्या उंबरठ्यावर डोके टेकले. बराच वेळ ते वर उठले नाहीत.

पुंजाबाईने वाटी उचलली. "उठा शेठजी," ती म्हणाली, "दिवा लागला हाये. आत या."